‘माझं लग्न कुठे झालंय?’

पावसाळ्यात मुंबईत कुणाचे ओठ फुटत नाहीत. भिंतींना ओल धरते, जर्नलची पानं मऊ पडतात, दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. अशाच एका ऑगस्टमध्ये, टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, प्रॅक्टिकलला, माझ्यासमोर बसलेल्या मुलीच्या ओठांची सालं निघालेली दिसली. कोपऱ्यांत रक्ताची बारीक रेघ होती आणि दर थोड्या वेळाने ती पर्समधून व्हॅसलिनची डबी काढत होती. मी प्राणिशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. पण बावीस वर्षं वर्गात काढल्यावर एवढं कळतं, की भर पावसात तरुण मुलीचे ओठ असे फुटले असतील तर बहुतेक तिला मुरुमांची कॅप्सूल चालू असते.

तास संपल्यावर तिला थांबवलं. “आयसोट्रेटिनॉइन घेतेस का गं?”

ती दचकली. “मॅम, तुम्हाला कसं कळलं?”

चिठ्ठी कुणाची, ते विचारलं. तिच्या भावाला दोन वर्षांपूर्वी त्वचारोगतज्ज्ञाने ती गोळी लिहून दिली होती. त्या चिठ्ठीचा फोटो दाखवून ती घराजवळच्या दुकानातून चार महिने पट्ट्या आणत होती. आता तर फोटोही कुणी मागत नव्हतं. रक्त तपासलंस? नाही. दिवस राहण्याबद्दल कुणी काही सांगितलं? ती हसली आणि म्हणाली, “मॅम, माझं लग्न कुठे झालंय?”

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहिते आहे.

त्या दुपारी तिच्या मायक्रोस्कोपखाली तेहतीस तासांच्या कोंबडीच्या गर्भाची स्लाइड होती. मेंदूचे फुगवटे, वळू लागलेली हृदयाची नळी, मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना विटांसारखे रचलेले पेशींचे ठोकळे, म्हणजे सोमाइट्स. तिने त्याची सुरेख आकृती काढली होती. हे सगळं ज्या रेणूच्या इशाऱ्यावर आपापल्या जागी बसतं, त्याचंच जुळं भावंड ती रोज रात्री जेवणानंतर गिळत होती, आणि हे तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं. मीही नाही. वर्षानुवर्षं मी ‘अ’ जीवनसत्त्व डोळ्यांच्या धड्यात शिकवत आले आणि गर्भाच्या धड्यात त्याचं नुसतं नाव घेऊन पुढे जात आले. ही माझी चूक आहे आणि तिची भरपाई म्हणून आधी तो धडाच इथे नीट सांगते.

‘अ’ जीवनसत्त्व म्हटलं की आपल्याला गाजर, हापूस, शेवग्याचा पाला आणि अंगणवाडीत पाजला जाणारा तो पिवळा डोस आठवतो. भाज्या-फळांतून येतं ते कॅरोटीन. त्यातून शरीर लागेल तेवढंच जीवनसत्त्व बनवतं, म्हणून आंबे खाऊन कुणाला त्याची बाधा होत नाही. तयार जीवनसत्त्वाला रेटिनॉल म्हणतात. त्याचं एक रूप डोळ्यांच्या पडद्यात प्रकाश टिपतं. ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो. दुसरं रूप म्हणजे रेटिनॉइक आम्ल. ते थेट पेशीच्या केंद्रकात शिरतं, तिथे आपल्यासाठी राखलेल्या प्रथिनाला चिकटतं आणि कुठलं जनुक चालू व्हायचं, कुठलं बंद, हे ठरवतं. ही प्रथिनं, म्हणजे रेटिनॉइक आम्लाचे ग्राहक (रिसेप्टर), १९८७ मध्ये स्ट्रासबुर्गला पिएर शांबाँ यांच्या आणि कॅलिफोर्नियात रोनाल्ड इव्हान्स यांच्या प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे सापडले. तेव्हापासून या आम्लाकडे अन्नघटक म्हणून पाहणं अपुरं ठरलं. त्याचं काम संप्रेरकासारखं आहे.

गर्भात हे आम्ल सगळीकडे सारखं नसतं. धडाच्या भागात एक विकर (एन्झाइम) ते तयार करतं. डोक्याच्या आणि शेपटीच्या टोकाला दुसरी विकरं ते नष्ट करतात. त्यामुळे कुठे जास्त, कुठे कमी, अशी उतरंड तयार होते आणि आपल्याभोवती ते किती आहे यावरून पेशीला आपली जागा कळते. मुलांना मी आता हे लोकलच्या भाषेत सांगते. डब्यात ‘पुढील स्टेशन दादर’ असं ऐकू येतं आणि दादरला उतरणारे दाराकडे सरकतात. समजा एके दिवशी प्रत्येक स्टेशनाआधी दादरचंच नाव पुकारलं गेलं. गाडी धावेल, माणसंही उतरतील, पण सायनची माणसं कुर्ल्याला आणि कुर्ल्याची घाटकोपरला. बाहेरून आलेलं रेटिनॉइक आम्ल गर्भात नेमका हाच गोंधळ घालतं. पेशी मरतातच असं नाही. अनेकदा त्या धडधाकट असतात, फक्त भलत्या जागी पोचतात किंवा जिथे जायचं तिथे पोचतच नाहीत.

हे आज कळलेलं नाही. १९३३ मध्ये टेक्सासच्या फ्रेड हेल यांनी एका डुकरिणीला ‘अ’ जीवनसत्त्व नसलेलं खाणं दिलं. तिला अकरा पिल्लं झाली आणि एकालाही डोळ्यांचे गोळेच नव्हते. वीस वर्षांनी, १९५३ मध्ये, सिडनी कोहलान यांनी गाभण उंदरांना तेच जीवनसत्त्व भरमसाट दिलं, तर पिल्लांची कवटीच मिटली नाही. कमी पडलं तरी व्यंग, जास्त झालं तरी व्यंग. आपल्याकडचं कामही यात महत्त्वाचं आहे आणि ते आपण विसरून गेलो याची मला खंत वाटते. जयपूरला नियाझी आणि सक्सेना यांनी १९७८ मध्ये भेकाच्या बेडूकमाशांचे पाय कापून त्यांना ‘अ’ जीवनसत्त्वाच्या पाण्यात ठेवलं, तर पुन्हा उगवणारे पाय विचित्र आले. मग भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठात प्रियंबदा मोहंती-हेजमाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडूकमाशांच्या शेपट्या तोडून तेच केलं. शेपटीच्या जागी शेपटी उगवली नाही, पाय उगवले. हा निबंध १९९२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने छापला. प्रियंबदाबाई ओडिसी नृत्यातही नावाजलेल्या होत्या. माझ्या वर्गात त्यांची गोष्ट सांगितली की शेवटच्या बाकावरची मुलंही मान वर करतात. शेपटीच्या जागी पाय! एका जीवनसत्त्वाने तोडलेल्या जागेतल्या पेशींना आपण कुठे आहोत याचाच विसर पाडला.

आता त्या मुलीच्या कॅप्सूलकडे येते. आयसोट्रेटिनॉइन हे रेटिनॉइक आम्लाचंच थोडं वेगळं वळण असलेलं रूप आणि शरीरात त्याचा काही भाग मूळ रूपात बदलतो. गंभीर मुरुमांसाठी १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. तैलग्रंथी आक्रसतात, तेल आटतं, आणि ज्यांना दुसऱ्या कशाने गुण येत नाही त्यांचे मुरुमही जातात. ओठ फुटतात तेही याच औषधाने. गरोदरपणात देऊ नये, हे तेव्हाही माहीत होतं आणि लिहिलेलंही होतं. तरी तीनच वर्षांत, १९८५ मध्ये, एडवर्ड लॅमर आणि सहकाऱ्यांना अशा १५४ गरोदरपणांची नोंद मांडावी लागली, ज्यांत गर्भाला या औषधाचा संपर्क झाला होता. ९५ जणींनी गर्भपात करून घेतला. १२ जणींचा आपोआप झाला. २६ बाळं मोठ्या व्यंगाशिवाय जन्मली आणि २१ बाळं व्यंग घेऊन आली: कानाची पाळी नाही किंवा नावापुरती, हनुवटी खुजी, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या चुकीच्या जागी, मेंदूत साचलेलं पाणी, थायमस ग्रंथीचा पत्ता नाही. ज्या मुलांत वरकरणी काही दिसलं नाही, त्यांच्यातल्या काहींना पुढे शिकण्यात अडचणी आल्या. कमी डोस घेतला तर चालतं, असा एक समज आहे. गर्भासाठी सुरक्षित म्हणावा असा या औषधाचा कुठलाही डोस माहीत नाही.

सगळ्यात घातक भाग वेळेचा आहे. हे नुकसान प्रामुख्याने गर्भधारणेनंतरच्या दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात होतं. पाळी चुकल्याचं कळतं तेव्हा साधारण दोन आठवडे झालेले असतात. मग ‘थोडी पुढे गेली असेल’, ‘परीक्षेचं टेन्शन’, ‘धावपळ झाली’ यात आणखी आठ-दहा दिवस जातात. बावीस-तेवीस दिवसांत हृदय धडधडू लागलेलं असतं. बाईला आपण गरोदर आहोत हे कळेपर्यंत तिच्या पोटातली ती स्टेशनं मागे पडलेली असतात. म्हणूनच या औषधाच्या बाबतीत ‘काही झालं तर बघू’ हे धोरण चालत नाही. जे सांगायचं ते पहिल्या गोळीच्या आधी सांगावं लागतं.

आणि इथे आपण काय करतो? विचारतो, ‘लग्न झालंय का?’

माझ्या विद्यार्थिनीशी बोलणं झाल्यावर मी त्या दृष्टीने कान उघडे ठेवले. मुलींशी बोलले, दोन त्वचारोगतज्ज्ञ मैत्रिणींशी बोलले, स्वतः दवाखान्यात भाचीबरोबर बसले. भाची एकोणीस वर्षांची, शेजारी तिची आई, म्हणजे माझी बहीण. डॉक्टरांनी चेहरा नीट पाहिला, रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, सगळं व्यवस्थित. मग मान वर न करता विचारलं, “लग्न वगैरे?” बहीण म्हणाली, “छे हो, अजून शिकतेय.” डॉक्टरांनी पुढची ओळ लिहिली. एका प्रश्नात आणि एका उत्तरात तो विषय संपला. भाचीने तोंडही उघडलं नव्हतं. आईसमोर तिने वेगळं काय सांगितलं असतं?

डॉक्टर वाईट नव्हते. सभ्य घरातल्या मुलीला असलं काही कसं विचारायचं, हा त्यांचा संकोच होता आणि तो संकोच आपण सगळ्यांनी मिळून त्यांच्यात भरला आहे. पण त्या प्रश्नामागे एक गृहीतक आहे, की लग्न झालं नाही म्हणजे दिवस राहण्याचा प्रश्न नाही. मुंबईसारख्या शहरात कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारा, हे गृहीतक किती टिकतं ते. हे कुणाच्या चारित्र्याबद्दलचं बोलणं नाही. औषधाला मंगळसूत्र दिसत नाही, एवढंच मी म्हणते आहे.

ज्यांना हे बोलणं पटणार नाही, त्यांच्यासाठी दुसरी बाजूही आहे, आणि ती अगदी सोवळ्या घरातलीही आहे. आपल्याकडे मुरुमांचा इलाज कधी सुरू होतो? साखरपुडा झाला की. तुळशीचं लग्न उरकलं की मुहूर्त निघतात. त्याआधी चार-सहा महिने चेहऱ्याची घाई सुरू होते. पार्लर होतं, फेशियल होतं, मग कुणी तरी सांगतं की अमुक गोळीने चेहरा काचेसारखा होतो. पन्नास किलोच्या मुलीला रोज वीस मिलिग्रॅमने पूर्ण कोर्स करायला दहा महिने लागतात. म्हणजे हळदीच्या आठवड्यापर्यंत पट्टी चालूच. कधी कधी हनिमूनच्या बॅगेतसुद्धा. आणि सासरी पाऊल टाकलं की ‘गोड बातमी कधी’ सुरू. औषध बंद केल्यावर किमान एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत, असा नियम आहे. ‘लग्न झालंय का’ या प्रश्नाला खरं ‘नाही’ असं उत्तर देणारी ती मुलगी दोन महिन्यांत नेमकी त्या महिन्यात असते. तिने काही लपवलेलं नसतं. तिला चुकीचा प्रश्न विचारला गेलेला असतो.

गंमत नाही, खेद वाटावा अशी गोष्ट आहे की या बाबतीत कायदा आपल्या पुढे गेला आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ची दुरुस्ती झाली, तेव्हा गर्भनिरोधक निकामी ठरल्याच्या कलमातले ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द काढून ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे घातले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा देणाऱ्या तरतुदीतून अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही. कायद्याच्या पुस्तकातून हा प्रश्न हटला. औषधाच्या काउंटरवर आणि तपासणीच्या टेबलावर तो अजून तसाच आहे.

काउंटरबद्दल बोलायला हवं. आयसोट्रेटिनॉइन अनुसूची एचमध्ये आहे. नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. पट्टीवर तांबडी रेघ असते, इशारा असतो. मी उपनगरातल्या दोन दुकानांत जाऊन नुसतं नाव सांगितलं. एकाने चिठ्ठी मागितली. दुसऱ्याने विचारलं, “दहाची की वीसची?” मी म्हटलं, पाचच द्या. त्याने पट्टी कात्रीने मधोमध कापली आणि अर्धी माझ्या हातात दिली. इशारा छापलेला भाग दुसऱ्या अर्ध्यात गेला. माहितीपत्रक खोक्यात होतं, खोकं दुकानात राहिलं. आणि समजा ते पत्रक माझ्या हाती आलं असतं, तरी ते इंग्रजीत, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, चाळीस दुष्परिणामांच्या गर्दीत. वडाळ्याच्या किंवा भांडुपच्या मराठी शाळेत दहावी झालेल्या मुलीने त्यातून नेमकी ती ओळ कशी काढायची?

ज्यांच्याकडून मी वर्षानुवर्षं औषधं घेते, त्या केमिस्टकाकांशी या विषयावर माझं भांडणच झालं. ते म्हणाले, “मॅडम, मी चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक रस्ता ओलांडून समोर जातं. आणि समोर नाही गेलं तर मोबाईलवरून मागवतं.” ते खोटं बोलत नाहीत. एकट्या दुकानदाराने नियम पाळला तर त्याचा तोटा होतो. सगळ्यांनी पाळला तर कुणाचाच होत नाही. म्हणून ही गोष्ट अन्न व औषध प्रशासनाने आणि केमिस्टांच्या संघटनेने एकत्र ठरवायची आहे. झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत आज बहुतेक दुकानदार चिठ्ठीशिवाय हात लावू देत नाहीत, कारण तिथे तपासणीची भीती खरी आहे. तेवढीच भीती इथे का असू नये?

पण बंदी आणा, असं मी म्हणत नाही, आणि ते ठामपणे सांगते. मुरुम म्हणजे तरुणपणाची किरकोळ तक्रार, असं ज्यांना वाटतं त्यांनी गाठी झालेला, पू भरलेला, व्रण उरलेला चेहरा आरशात पाहिलेला नसतो. मुलाखतीला जायचं टाळणाऱ्या, लोकलमध्ये ओढणी नाकापर्यंत ओढून बसणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना हे औषध मिळालंच पाहिजे, आणि स्वस्तात. नायर, केईएम, सायन, कूपर इथल्या त्वचा विभागांत नाममात्र पैशांत केसपेपर निघतो. सकाळची रांग लावायची तयारी हवी. हे औषध भीतीपोटी दुर्मिळ झालं, तर श्रीमंत मुली खासगीत घेतील आणि बाकीच्या व्रण घेऊन जगतील.

शिवाय याच रेणूचं दुसरं रूप मी कशी विसरू? ट्रेटिनॉइन नावाची जी ट्यूब रात्री चेहऱ्याला लावतात, तिच्यातलं औषध म्हणजे तेच मूळ रेटिनॉइक आम्ल. प्रोमायलोसाइटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी अर्धवट वयातच अडकतात, आणि रोगी काही दिवसांत रक्तस्रावाने दगावू शकतो. १९८८ मध्ये शांघायच्या वांग झेन-यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २४ रोग्यांना हे आम्ल कॅप्सूलमधून दिलं आणि सगळ्यांचा रोग ओसरला. त्याने पेशी मारल्या नाहीत, त्यांना वाढू दिलं. अडकलेला ग्राहक मोकळा झाला आणि पेशी प्रौढ झाल्या. पुढे त्याच्या जोडीला आर्सेनिक आलं, आणि कमी-मध्यम धोक्याच्या रोग्यांना केमोथेरपीशिवाय बरं करता येतं, हे २०१३ च्या युरोपातल्या अभ्यासाने दाखवलं. दोन वर्षांनंतर ९७ टक्के रोगी रोगमुक्त होते. आज परळला टाटा रुग्णालयाच्या फाटकातून आत जाणाऱ्या अशा रोग्याच्या हातात दहा मिलिग्रॅमच्या ज्या कॅप्सूल पडतात, त्यांत आणि दुकानातल्या फेसक्रीममध्ये एकच रेणू आहे. पेशीला ‘तू कोण, कुठली’ हे सांगण्याची जी ताकद रोग्याला वाचवते, तीच गर्भात गडबड करते. म्हणून या रेणूचा मला रागही येत नाही आणि त्याचं कौतुकही आंधळं नाही.

क्रीमबद्दल दोन शब्द, कारण सारखं विचारलं जातं. कातडीतून रक्तात फार थोडं जातं, त्यामुळे क्रीम आणि कॅप्सूल एका तागडीत तोलू नयेत. तरी दिवस राहिले असतील तर ट्रेटिनॉइनची ट्यूब आणि रेटिनॉलचं सिरम बाजूला ठेवावं. नऊ महिने सुरकुत्या थांबू शकतात. सोरायसिससाठी दिलं जाणारं अॅसिट्रेटिन मात्र कॅप्सूलच आहे आणि ते बंद केल्यावर तीन वर्षं दिवस राहू द्यायचे नसतात. महिना आणि तीन वर्षं यांत घोळ होऊ देऊ नका.

अमेरिकेचं उदाहरण दिलं जातं. तिथे २००६ पासून या गोळीसाठी राष्ट्रीय नोंदणी आहे: दर महिन्याला गरोदरपणाची चाचणी, गर्भनिरोधाची दोन साधनं, डॉक्टर-दुकानदार-रोगी तिघांची नोंद. एवढं करूनही २०११ नंतर तिथे वर्षाला दोनशे-तीनशे गरोदरपणांची नोंद होतच राहिली. यावरून काही जण म्हणतात की नियम करून उपयोग नाही. मला त्यातून वेगळंच दिसतं. खिडक्या आणि फॉर्म कितीही वाढवले तरी, बाई आणि माहिती यांच्यामध्ये जी लाज उभी असते ती फॉर्मने हटत नाही. आपल्याकडे तर ती आणखी जाड आहे. म्हणून अमेरिकेची यंत्रणा जशीच्या तशी उचलावी, असं मी म्हणणार नाही. आपल्याला परवडेल आणि पचेल असं काही तरी हवं.

माझं मागणं छोटं आहे. विचारू नका, सांगा. ही कॅप्सूल घेणाऱ्या प्रत्येकाला, मुलगा असो की मुलगी, लग्न झालेलं असो की नसो, दुकानदाराने पट्टीबरोबर एक चिठोरी द्यावी. मराठीत, हिंदीत, मोठ्या अक्षरांत. पट्टी कापली तरी चिठोरी कापायची नाही. त्यावर एवढंच: ‘ही गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना दिवस राहू देऊ नका. बाळाला जन्मतः गंभीर व्यंग होऊ शकतं. पाळी चुकली तर गोळी त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरकडे जा. ही गोळी दुसऱ्या कुणाला देऊ नका. रक्तदान करू नका.’ सगळ्यांना सारखंच मिळतं म्हटल्यावर कुणाकडे कुणी वेगळ्या नजरेने पाहायचं कारण उरत नाही. आईलाही वाईट वाटत नाही, कारण तिच्या मुलीला कुणी काही विचारलेलंच नसतं. डॉक्टरांनी मात्र विचारायला हवं, पण आईला दोन मिनिटं बाहेर बसवून, आणि ‘लग्न झालंय का’ याऐवजी ‘येत्या वर्षभरात दिवस राहण्याची काही शक्यता आहे का’ असं. मुलगी लाजेल, कदाचित खोटंही बोलेल. पण ती वस्तुस्थिती ऐकून घरी जाईल.

माझी ती विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात आली. उरलेल्या पट्ट्या तिने आईला दाखवल्या होत्या आणि दोघी जणी त्वचारोगतज्ज्ञाची वेळ घेऊन आल्या होत्या. मग ती म्हणाली, “मॅम, दादाने गोळी परत सुरू केलीय. तो रविवारी मंडळाच्या शिबिरात रक्त देणार आहे. त्याला सांगायचं ना?”

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. या गोळीने पुरुषाच्या संततीला धोका होतो असं दिसलेलं नाही, म्हणून मुलांना कुणी काहीच सांगत नाही. पण रक्त कुणाला चढेल हे त्यांना कुठे माहीत असतं? बाळंतपणाच्या आधी, गर्भपाताच्या धोक्यात, पहिल्या तिमाहीतही बाईला रक्त लागतं. म्हणूनच गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्त द्यायचं नाही, असा नियम आहे. आणि आपल्या शहरात गणेशोत्सवात, नेत्यांच्या वाढदिवसांना, एक मेला, किती शिबिरं भरतात! तिथे रक्त देणारी पोरं अठरा ते पंचवीस वर्षांची, म्हणजे नेमकी मुरुमांच्या वयाची.

त्या रविवारी मी तिच्याबरोबर त्यांच्या मंडळात गेले. फॉर्मवर कावीळ होती, मलेरिया होता, गोंदण होतं, दारू होती. शेवटी ‘इतर औषधे’ अशी एक रिकामी ओळ होती आणि रांगेतल्या कुणीही ती भरलेली मला दिसली नाही. मुरुमांच्या गोळीला कोण औषध म्हणतं? शिबिराच्या डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी ताबडतोब मान डोलावली, त्यांना नियम ठाऊक होता. मग मंडळाच्या सेक्रेटरीने खुर्चीवर चढून माइकवर विचारलं, “मुरुमांची गोळी कुणाकुणाला चालू आहे?” थोडी खसखस पिकली. मग रांगेतून दोन मुलं बाजूला झाली, तिच्या भावाला धरून तीन. सेक्रेटरी म्हणाला, पुढच्या वर्षी फॉर्ममध्ये ती ओळ छापूनच आणतो. फॉर्म जुलैत छापायला जातात. मी जूनमध्येच त्याला आठवण करणार आहे.